परसातल्या पाणथळ कोपऱ्यात इथलीच रानआयरिस लावायची आहे: कुठली, कधी, किती खोल?

पन्हाळ (मिनिआपोलिस) · १० ऑगस्ट

घरामागे छपराच्या दोन पन्हळींचं पाणी उतरतं तिथे साधारण ८ फूट बाय ५ फुटांचा खोलगट तुकडा आहे. बर्फ वितळताना आठ-दहा दिवस चिखल असतो. पुढे मोठा पाऊस झाला की दीड-दोन दिवस पाणी साचतं. ऑगस्टमध्ये मात्र वरची माती तडकेपर्यंत वाळते. माती चिकण आहे, ऊन सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

दुकानातली दाढीवाली जर्मन आयरिस नको आहे. इथल्या तळ्यांच्या काठी जूनमध्ये जी निळी-जांभळी फुलते ती हवी. नर्सरीत तीन वेगवेगळ्या कुंड्यांवर नुसतं 'ब्लू फ्लॅग' लिहिलं होतं आणि तिन्हींची पानं वेगळी दिसत होती. नेमकी कुठली घ्यायची? आत्ता लावावी की वसंतात? कंद किती खोल? आणि बियांपासून करणं झेपण्यासारखं आहे का?

उन्हाळी_वाफा (न्यू जर्सी) · १० ऑगस्ट

ऑगस्ट-सप्टेंबर हाच आयरिस लावायचा काळ. एकच गोष्ट लक्षात ठेवा: कंद मातीत गाडायचा नाही. बदक पाण्यावर तरंगतं तसा अर्धा वर दिसला पाहिजे, पाठीवर ऊन लागलं पाहिजे. पुरला की कुजलाच म्हणून समजा. आणि पाणी साचणारी जागा आयरिसला अजिबात चालत नाही, आधी एक फूट उंच गादीवाफा करून घ्या.

गाळमाती (मॅडिसन) · १० ऑगस्ट

उन्हाळी_वाफा, तुमचं म्हणणं दाढीवाल्या आयरिसपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. ती मूळची भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या, खडकाळ उतारांची. पन्हाळताई विचारतायत ती दलदलीची आहे. तिच्या कंदाची पाठ उन्हात ठेवली तर ती पहिल्याच ऑगस्टमध्ये सुकेल. हिचा कंद दीड ते दोन इंच मातीखाली हवा. गादीवाफा तर नकोच. ताईंकडे आहे तो खळगा हीच तिची जागा.

आता कुठली ते सांगतो. तुमच्या भागात निळ्या रानआयरिस, म्हणजे ज्यांना ब्लू फ्लॅग म्हणतात त्या, दोन: आयरिस व्हर्सिकलर आणि आयरिस व्हर्जिनिका (तिचा इकडचा प्रकार श्रेवेई). मिनेसोटात दोन्ही मूळच्या. उत्तरेकडे व्हर्सिकलर जास्त, दक्षिणेकडे आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात श्रेवेई जास्त. फूल समोर असेल तर खालच्या लोंबत्या पाकळीच्या बुडाशी असलेला पिवळा ठिपका बघा. श्रेवेईत तो झळझळीत हळदी असतो आणि त्यावर बारीक लव असते, भिंगातून छान दिसते. व्हर्सिकलरमध्ये तो हिरवट-पिवळा, बिनलवेचा, भोवती पांढरं आणि त्यावर जांभळ्या शिरांची जाळी. फूल नसेल तर व्हर्सिकलरच्या पानांची बुडं बरेचदा जांभळट असतात, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. बोंड मिळालं तर फोडा: व्हर्सिकलरचं बी पातळ, चकचकीत, श्रेवेईचं जाड, बुचासारखं, मळकट.

तुमच्या तुकड्यात दोन्ही नांदतील. ऑगस्टमध्ये वाळणारी जागा आहे म्हणून मी श्रेवेईकडे झुकेन. पाणी सदैव उभं असतं तर व्हर्सिकलर म्हटलं असतं.

उन्हाळी_वाफा · १० ऑगस्ट

हा फरक माहीत नव्हता, माझा सल्ला मागे घेतो. म्हणजे पाण्यातही चालते?

गाळमाती · १० ऑगस्ट

दोन ते चार इंच उभ्या पाण्यात आरामात. त्याहून खोल पाण्यात जगते, पण फुलं कमी येतात.

बोंडबी (टोरांटो) · ११ ऑगस्ट

नर्सरीत पानं वेगळी दिसली हे वाचून काळजी वाटली, म्हणून आधी हे. त्यातली एखादी आयरिस स्यूडाकोरस, म्हणजे पिवळी फ्लॅग, असू शकते. ती युरोपातली. इथल्या तळ्या-ओढ्यांत शिरली की तिच्या कंदांची गच्च चटई होते आणि स्थानिक काठवनस्पतींचा जीव गुदमरतो. वॉशिंग्टन, ओरेगनमध्ये ती घातक तणांच्या यादीत आहे. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये विकायलाच बंदी आहे. तरी नर्सऱ्यांत सरसकट मिळते.

फूल नसताना पान दोन बोटांत धरून मधोमध अंगठा फिरवा. पिवळीच्या पानाला मधली शीर ठसठशीत, उंचवट्यासारखी हाताला लागते. निळ्यांमध्ये ती इतकी जाणवत नाही. पिवळीची पानं उंचही जास्त, तीन-चार फूट. शंका असेल तर घेऊ नका; जूनमध्ये फुलावर असताना घ्या, किंवा जिथे लेबलवर पूर्ण शास्त्रीय नाव असतं अशा स्थानिक वनस्पतींच्याच नर्सरीतून घ्या.

आणि कुठल्याही तळ्याकाठून उपटून आणायची नाही. एक बोंड मागून घेतलं तर चाळीस-पन्नास रोपं होतात, उपटायची गरजच पडत नाही.

अवांतर: व्हर्सिकलर हे १९९९पासून क्वेबेकचं राज्यफूल आहे. त्याआधी तिथे पांढरी मॅडोना लिली होती, जी त्या मातीतली नव्हतीच.

आकडेमोड (सिअॅटल) · ११ ऑगस्ट

थांबा, थांबा. सेटोसा, व्हर्सिकलर, व्हर्जिनिका. हा तर मशीन लर्निंगच्या पहिल्या धड्यातला आयरिस डेटासेट! ही झाडं परसात लावता येतात?

गाळमाती · ११ ऑगस्ट

तीच ही. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मापं घेतली आणि रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६मध्ये ती आपल्या लेखात वापरली. तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, एकूण १५०.

अँडरसनला आकड्यांचं नाही, एका कोड्याचं वेड होतं: व्हर्सिकलर आली कुठून? उत्तर असं की ती व्हर्जिनिका आणि सेटोसा यांच्या फार जुन्या संकरातून, दोघींची गुणसूत्रं पूर्णच्या पूर्ण एकत्र येऊन झाली. सेटोसाची ३८, व्हर्जिनिकाची ७०, व्हर्सिकलरची १०८. बेरीज करून बघा.

म्हणूनच तुमच्या आलेखात व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिकाचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि सेटोसा लांब एकटी बसते. सेटोसाच्या आतल्या तीन उभ्या पाकळ्या जवळपास नाहीतच, नुसती राठ केसासारखी टोकं. डेटात त्यांची सरासरी लांबी दीड सेंटिमीटरच्या आत येते, व्हर्जिनिकाची साडेपाचच्या वर.

आकडेमोड · ११ ऑगस्ट

इतकी वर्षं 'सेपल' आणि 'पेटल' हे नुसते दोन रकाने होते. फुलात कुठलं काय?

मधपोळं (अॅन आर्बर) · ११ ऑगस्ट

आयरिसमध्ये बाहेर झुकून लोंबतात ती निदलं, म्हणजे सेपल. आत उभी असतात ती दलं, म्हणजे पेटल. रंग दोन्हींना, म्हणून सगळ्यांनाच पाकळ्या म्हणतो. शिवाय मध्ये तीन आणखी पाकळीसारख्या जिभा दिसतात, त्या पाकळ्या नव्हेत. स्त्रीकेसराच्या फांद्या आहेत. प्रत्येक जीभ खालच्या लोंबत्या निदलावर छपरासारखी ओणवते आणि मध्ये एक बोगदा तयार होतो. एका फुलात असे तीन बोगदे, म्हणून मधमाशीच्या लेखी एक आयरिस म्हणजे तीन फुलं.

जूनमध्ये फुलाजवळ बसून हे बघाच. भुंगा-माशी (बंबलबी) पिवळ्या ठिपक्यावर उतरते आणि शिरांच्या रेघांवरून आत घुसते. छपराच्या कडेला एक बारीक ओठ असतो. आत जाताना तो माशीच्या पाठीवरचा आधीच्या फुलाचा पराग खरवडून घेतो. माशी आणखी आत गेली की छताला चिकटलेला परागकोश तिच्या पाठीवर नवा पराग चोपडतो. बाहेर येताना ओठ उलट दुमडतो, त्याची पराग घेणारी बाजू माशीला लागत नाही. स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये म्हणून केलेली ही सोय.

म्हणून बी हवं असेल तर एकाच झाडाचे फोडलेले दहा तुकडे लावू नका. ते दहाही एकच झाड. दोन-तीन वेगळ्या ठिकाणची, बियांपासून वाढवलेली रोपं एकत्र लावली तर बोंडं जास्त भरतात.

काढा (डॅलस) · ११ ऑगस्ट

पानं बघून मला तर वेखंडच वाटलं! बाळाच्या टाळूला लावायचं तेच का हे? अमेरिकेत ताजं वेखंड मिळत नाही. हे त्याऐवजी चालेल?

बोंडबी · ११ ऑगस्ट

अजिबात नाही. सगळ्यांनी हे नीट वाचा. रानआयरिसचा कंद विषारी आहे. पोटात गेला तर उलट्या, जुलाब. रस लागला तर कित्येकांच्या कातडीला आग होते, पुरळ येतं. लहान मुलं, कुत्री यांच्यापासून फोडलेले कंद लांब ठेवा आणि फोडताना हातमोजे घाला.

घोळ जुना आहे. वेखंडाचं शास्त्रीय नाव अॅकोरस. पिवळ्या आयरिसचं नाव स्यूडाकोरस, म्हणजे अक्षरशः 'खोटं वेखंड'. पानं तलवारीसारखी, जागा तीच, कंद तसाच आडवा. ओळख वासाची: वेखंडाचं पान चुरडलं की तो ओळखीचा गोड-उग्र दरवळ लगेच येतो. आयरिसच्या पानाला नुसता गवताचा वास. उत्तर अमेरिकेचं स्वतःचं वेखंडही आहे, अॅकोरस अमेरिकॅनस, आणि ते नेमकं या आयरिसच्याच शेजारी उगवतं. म्हणून पाणथळीतून काहीही उपटून घरगुती औषधाला वापरू नका.

काढा · ११ ऑगस्ट

बरं झालं विचारलं. धन्यवाद.

धुकेवाडी (फ्रीमाँट) · १२ ऑगस्ट

कॅलिफोर्नियावाल्यांनी वरचं वाचून ब्लू फ्लॅग आणायला धावू नये. आपल्याकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे गणित बरोबर उलटं. इथली स्थानिक म्हणजे आयरिस डग्लसिआना. समुद्रकाठच्या टेकड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये फिक्या पांढऱ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत फुलते.

लावायची वेळ ठरवताना कॅलेंडर बघू नका, मुळं बघा. पहिला पाऊस पडून गेला की, साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, पंख्याच्या (एका बुडातून पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या) बुडाची माती बोटाने बाजूला करा. नवी पांढरी मुळं इंच-दोन इंच आलेली दिसली तरच हलवा. ती दिसत नसतील तर झाड झोपलेलं आहे. त्या वेळी हलवलं की हमखास मरतं. उन्हाळ्यात नर्सरीतून आणून लावलेल्या दहातल्या आठ जातात त्या यामुळेच.

चिकणमातीत सहा-आठ इंच उंचवटा करून लावा, शक्यतो उतारावर. फ्रीमाँट, सॅन होजेसारख्या आतल्या भागात दुपारची सावली हवी. शेणखत, चुना, नत्राची खतं नकोत. पहिला उन्हाळा दोन आठवड्यांतून एकदा पाणी, तेही सकाळी थंड वेळेला. पुढच्या वर्षापासून महिन्यातून एकदा किंवा तेही नाही. ऊन तापलेलं असताना लॉनच्या फवाऱ्याचं पाणी रोज मिळालं की बुड कुजतं आणि अख्खा पंखा हातात येतो. झाड सुकतंय असं वाटून लोक आणखी पाणी घालतात. तिथेच चुकतं.

पानांवर नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा. गव्हावर येतो तसाच दिसतो. रोगट पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

आकडेमोड · १२ ऑगस्ट

कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी आयरिसच्या पानाचे दोर वळले होते असं ऐकलंय. खरं का?

धुकेवाडी · १२ ऑगस्ट

खरं. त्यासाठी मुख्यतः आयरिस मॅक्रोसायफन वापरत. एका पानाच्या दोन कडांमधून दोनच रेशमासारखे बारीक धागे निघतात, बाकीचा मगज खरवडून टाकायचा. अशा धाग्यांतून हरणांचे फास आणि मासे पकडायची जाळी होत. एका दोरीला किती पानं लागत असतील, विचार करा.

खाडीकाठ (ह्यूस्टन) · १२ ऑगस्ट

दक्षिणेकडची भर घालतो. ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्सकडे लुइझियाना आयरिस: जायगँटिसेरुलिया (लुइझियानाचं राज्य-रानफूल), ब्रेव्हिकॉलिस आणि तांब्याच्या रंगाची फुल्वा. फुल्वावर हमिंगबर्ड येतात, तो तांबूस रंग त्यांच्यासाठीच.

ह्या हिवाळ्यात वाढतात आणि भर उन्हाळ्यात अर्ध्या झोपतात. लावणी सप्टेंबर-ऑक्टोबर. कंद एक इंच खाली आणि वर पाइनच्या काड्यांचं दोन-तीन इंच आच्छादन. उन्हाळ्यात उघडा पडलेला कंद भाजतो आणि मग कुजतो. वर धुकेवाडींनी सांगितलेल्या, खत नको असणाऱ्या आयरिसच्या उलट ह्या खादाड आहेत: शरदात आणि फेब्रुवारीत कंपोस्ट आणि आम्लधर्मी खत, अझेलियाचं असतं ते. चुना कधीच नाही.

डॅलसवाल्यांनी नळाचं पाणी तपासावं. तिथलं पाणी आणि माती दोन्ही अल्कधर्मी. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या की झाडाला लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतंच, अल्कधर्मी मातीत मुळांना उचलता येत नाही. गंधकाची पूड आणि पावसाचं साठवलेलं पाणी हा टिकाऊ उपाय.

पन्हाळ · १२ ऑगस्ट

माहितीचा खजिनाच उघडला तुम्ही सगळ्यांनी. लोहावरून विचारते: माझा तुकडा घराच्या काँक्रीट पायाजवळ आहे. तिथे माती अल्कधर्मी असू शकते का?

गाळमाती · १२ ऑगस्ट

असू शकते, काँक्रीटमधला चुना झिरपत राहतो. पण त्याहून मोठा प्रश्न तळघराचा आहे. पायापासून किती अंतर? पाणी मुरवणारा खळगा भिंतीपासून किमान दहा फूट लांब हवा, नाहीतर तेच पाणी तळघरात झिरपेल. जवळ असेल तर पन्हळीला पुढे पाइप जोडून पाणी लांब न्या आणि खळगा तिथे करा.

खणण्याआधी ८११ला फोन करा. गॅसची, विजेची लाइन कुठून जाते ती फुकट आखून देतात. कॅनडातही अशी सोय आहे.

मग एक चाचणी: फूटभर खोल खड्डा, काठोकाठ पाणी. चोवीस तासांत मुरलं तर जागा उत्तम. अठ्ठेचाळीस तासांनीही पाणी असेल तरी आयरिसला चालेल, पण तिच्या जोडीदारांना चालणार नाही आणि डास होतील. माती तपासायला विद्यापीठाच्या मृदा प्रयोगशाळेत पाठवा. सामू (पीएच) ६ ते ७च्या दरम्यान असला की निश्चिंत.

पानगळ (शिकागो) · १३ ऑगस्ट

बोअररचं कुणी बोललंच नाही. मिसिसिपीच्या पूर्वेला आयरिसचा सगळ्यात मोठा शत्रू तो.

हा एक मळकट तपकिरी पतंग. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयरिसच्या वाळक्या पानांवर अंडी घालतो. अंडी हिवाळाभर तिथेच. एप्रिल-मेमध्ये पान चार-सहा इंच झालं की अळी बाहेर पडते आणि पानात शिरते. तेव्हा टाचणीएवढं भोक आणि भोवती ओलसर पाणचट रेघ दिसते. हळूहळू पानाच्या आतून खाली सरकते, जुलैपर्यंत कंदात. तोवर ती गुलाबीसर, करंगळीएवढी जाड झालेली असते. कंद आतून पोकळ होतो, मागोमाग जिवाणू शिरतात आणि घाण वास सुटतो. पंखा ओढला की सहज निघून येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मेमध्ये दर आठवड्याला पानं उजेडाकडे धरून बघा. ओली रेघ दिसली की त्याच जागी पान दोन बोटांत घट्ट चिमटा, अळी आत चिरडते. पन्नास रोपांपर्यंत याहून चांगला उपाय नाही. जास्त असतील तर मे-जूनमध्ये उपयोगी सूत्रकृमी (स्टेनरनेमा कार्पोकॅप्सी) पाण्यातून संध्याकाळी ओल्या मातीवर घाला. आणि कडक थंडी पडून गेली की सगळी जुनी पानं इंचभर ठेवून कापा, पिशवीत भरून बाहेर काढा.

मधपोळं · १३ ऑगस्ट

शेवटच्या वाक्याशी असहमत. स्थानिक बाग म्हणायची आणि नोव्हेंबरात सगळं साफ करून टाकायचं? वाळक्या काड्यांत एकट्या राहणाऱ्या माश्या हिवाळा काढतात, पानांखाली फुलपाखरांचे कोष असतात. शिवाय बोअररही इथलाच कीटक आहे आणि ब्लू फ्लॅग त्याचं मूळचं अन्न. पाणथळीत तो आयरिस संपवत नाही, तर परसातच का संपवेल?

पानगळ · १३ ऑगस्ट

पाणथळीत हजार झाडं असतात, त्यातली वीस गेली तरी कळत नाही. परसात सात आहेत. आणि 'सगळं' साफ करा असं म्हटलेलं नाही, फक्त आयरिसची पानं. आयरिसच्या पानात माशी घर करत नाही, ते पोकळ नसतं. मिल्कवीड, जो-पाय वीड अशा रानफुलांच्या काड्या जरूर ठेवा.

मधपोळं · १३ ऑगस्ट

हे पटलं. फक्त आयरिसची पानं आणि तीही घट्ट थंडीनंतर, म्हणजे अंडी घालून झाल्यावर. बाकी काड्या वसंतात दीड फुटावर कापून उभ्या ठेवायच्या. एवढ्यावर मिटलं.

बोंडबी · १३ ऑगस्ट

बियांचं राहिलं होतं. बोंड तपकिरी होऊन टोकाला चिरायला लागलं की घ्यायचं, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. त्याआधी बोंडावर भोकं आहेत का बघा. आयरिसचा एक काळा सोंड्या असतो, तांदळातल्या सोंड्याचाच भाऊबंद, तो बोंडात राहून बिया खातो. भोकाचं बोंड ओटीत न ठेवता ताटात फोडा आणि पोखरलेल्या बिया वेगळ्या काढा.

बियांना ओली थंडी लागते, कोरडी नाही. पाकिटासकट फ्रिजमध्ये ठेवून 'उगवलं नाही' म्हणणारे पुष्कळ. ओलसर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट घ्या, मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, ९० दिवस. १ डिसेंबरला ठेवलं की १ मार्चला पेरायचं, पाव ते अर्धा इंच खोल. ट्रे अर्धा इंच पाण्यात उभा ठेवा, वरून पाणी घालू नका. उबेच्या खोलीत तीन-चार आठवड्यांत गवतासारखं हिरवं पातं दिसतं.

त्याहून सोपं: नोव्हेंबरात कुंडीत पेरा, वर खारींसाठी तारेची जाळी बांधा आणि अंगणात विसरून जा. बर्फ पडलं तरी पडू द्या. मेमध्ये उगवेल. काही बिया दुसऱ्या वर्षी उगवतात, म्हणून कुंडी वर्षभरात रिकामी करू नका. बी ते फूल, दोन ते तीन वर्षं.

गच्ची_कोथरूड (पुणे) · १४ ऑगस्ट

वाचनखूण साठवली. इथे पुण्यात यातली कुठली होईल? टेरेसवर टब आहे, पाणी भरपूर.

बोंडबी · १४ ऑगस्ट

ब्लू फ्लॅगला कडक हिवाळा लागतो, पुण्याची थंडी पुरणार नाही. महाराष्ट्रात रानटी आयरिस नाहीच. भारतातल्या स्थानिक आयरिस हिमालयातल्या: कुमाऊँच्या नावाची केमाओनेन्सिस, हुकेरिआना, डेकोरा. काश्मिरात कबरींवर लावतात ती पांढरी काश्मिरिआना. ह्या उंचावरच्या, पुण्याच्या एप्रिलमध्ये तग धरणार नाहीत.

पुण्यात सहज येणारी एकच म्हणजे आयरिस डोमेस्टिका, जिला पूर्वी बेलमकँडा म्हणत. नारिंगी फुलांवर तांबडे ठिपके, बोंड उकललं की काळ्याभोर बियांचा घड, अगदी ब्लॅकबेरीसारखा. डीएनए तपासून २००५मध्ये तिला आयरिसमध्ये घेतलं. तिला मात्र टबातलं पाणी नको, निचऱ्याची कुंडी हवी. टबासाठी नागदवण्याच्या कुळातला क्रायनम लावा. आपल्याकडच्या ओढ्याकाठी त्याच्या स्थानिक जाती आहेत. फक्त नर्सरीतून किंवा बियांपासून, रानातून उपटून नाही.

पानगळ · १४ ऑगस्ट

टबाचा विषय निघाला म्हणून, इकडच्या बाल्कनीवाल्यांसाठी: ब्लू फ्लॅग भोक नसलेल्या, पाच गॅलनच्या टबात छान येते. तयार पॉटिंग मिक्स वापरू नका, ते पाण्यावर तरंगतं. साधी जड बागमाती घ्या, वर इंचभर खडी, त्यावर दोन इंच पाणी. डासांसाठी बीटीआयची (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) गोळी दर तीस दिवसांनी. मधमाश्यांना, बेडकांना काही होत नाही. हिवाळ्यात टब पूर्ण गोठून फुटतो, म्हणून नोव्हेंबरात पाणी काढून बिनहीटरच्या गराजमध्ये ठेवा. माती ओलसर राहू द्या.

सावलीतलं_अंगण (नॉक्सव्हिल) · १४ ऑगस्ट

ऊन नसलेल्यांसाठी एक नाव: आयरिस क्रिस्टाटा. अॅपलेशियनच्या जंगलातली, जेमतेम सहा-आठ इंच. कंद जमिनीच्या पृष्ठभागावर सरपटतात, म्हणून जाड आच्छादन घातलं की संपते. शरदात पडलेली ओकची पानं तिच्यावरून हाताने उचला. निचरा हवाच. फुलं झाल्याबरोबर फोडायची, ऑगस्टची वाट बघायची नाही. गोगलगायी, बिनशंखाच्या, एका रात्रीत कळ्या फस्त करतात.

हिच्यासारखीच दिसणारी आयरिस लाकुस्ट्रिस ग्रेट लेक्सच्या काठी आहे, मिशिगनचं राज्य-रानफूल. ती दुर्मीळ आहे, १९८८मध्ये संघराज्याच्या संरक्षित यादीत आली. तिला जागेवरच बघा.

पन्हाळ · १५ ऑगस्ट

पायापासून अंतर मोजलं, सहा फूट. म्हणजे पाइप लांबवून खळगा आणखी पाच फूट पुढे सरकवते. खड्ड्याचं पाणी वीस तासांत मुरलं. ठरवलं ते असं: मधल्या खोल भागात सात श्रेवेई, दीड-दीड फुटावर, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. काठावर स्वॅम्प मिल्कवीड, निळी लोबेलिया आणि टसॉक सेज (झुपक्याने वाढणारी, गवतासारखी). एका नर्सरीत 'जेराल्ड डार्बी' नावाची मिळते आहे, जांभळ्या दांड्याची, फार देखणी. ती घेऊ का?

गाळमाती · १५ ऑगस्ट

'जेराल्ड डार्बी' म्हणजे व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिकाचा संकर, रोबुस्टा. देखणी खरीच आणि पिवळीसारखी उच्छाद मांडणारी नाही. पण तिची सगळी रोपं एकाच झाडाचे तुकडे. मधपोळं यांनी वर बोंडांबद्दल सांगितलं ते आठवा. तुमच्या तळ्याकाठची हवी आहे ना? मग श्रेवेईच घ्या.

लावताना पानं सहा-आठ इंचांवर कापा, नाहीतर नवी मुळं यायच्या आधीच पानांतून पाणी उडून जातं. कंदाचा प्रत्येक तुकडा एक-दोन पंख्यांचा. पन्हळीचा पाइप जिथे सुटतो तिथे तळहाताएवढे दगड पसरा, नाहीतर पहिल्या वळवात माती वाहून कंद उघडे पडतील.

पहिल्या वर्षी पाऊस नसेल तर आठवड्याला एक इंच पाणी. तुमच्या चाळीस चौरस फुटांना ते पंचवीस गॅलन होतं. नोव्हेंबरअखेर जमीन गोठली की वर चार इंच पेंढा. गोठायच्या आधी घातला तर उंदीर घर करतात. नाहीच घातला तर गोठण-वितळणीत माती फुगते आणि नवे कंद वर ढकलले जातात. एप्रिलच्या सुरुवातीला पेंढा काढा. तेव्हा वर आलेला कंद दिसला तर पायाने नका दाबू, मुळं तुटतात. भोवती माती भरा.

पन्हाळ · १५ ऑगस्ट

आणि पुढच्या जूनमध्येच एखादं फूल आलं तर? पहिल्या वर्षी खुडावं म्हणतात ना?

मधपोळं · १५ ऑगस्ट

फूल खुडू नका, माशीला घेऊ द्या. फूल सुकल्यावर खाली फुगायला लागलेलं बोंड तेवढं कापा, म्हणजे ती ताकद कंदात जाईल. आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून पानं उजेडाकडे धरून बघायला विसरू नका, ओली रेघ.